मुंगसाचा कथाकार : रुड्यार्ड किपलिंग

मुंगूस आडवे गेले की काम फत्ते होते, असे आमच्याकडे मानतात. शेताच्या बांधावर ते दिसले की मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात, आणि ते बिचारे क्षणभर थबकून वळून पाहतेदेखील. असा हा आपल्या ओळखीचा प्राणी. पण त्याची जगभर गाजलेली गोष्ट लिहिली ती एका इंग्रजाने. ती गोष्ट म्हणजे ‘रिक्की-टिक्की-टाव्ही’ आणि तिचे लेखक रुड्यार्ड किपलिंग. या देशात वाढणाऱ्या आमच्या मुलांना शाळेत किंवा वाचनालयात ही गोष्ट केव्हा ना केव्हा भेटतेच, आणि मुले ती आवडीने वाचतात. आईवडिलांच्या मनात मात्र किपलिंग हे नाव निघाले की थोडी अढी असते. ती असण्याला कारणेही आहेत. हा गृहस्थ मुंबईत जन्मला, हिंदुस्थानावर त्याने जीव लावला, आणि त्याच हिंदुस्थानाने आपला कारभार आपण पाहावा, हे त्याला अखेरपर्यंत रुचले नाही. अशा माणसाचे चरित्र आणि त्याची ही चिमुकल्या प्राण्याची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावी, असा या आठवड्याचा आमचा विचार आहे.

जे. जे.च्या आवारातले बालपण

रुड्यार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे मूळचे यॉर्कशरचे. पेशाने शिल्पकार, हात चित्रकाराचा. स्टॅफर्डशरमध्ये रुड्यार्ड नावाचे एक तळे आहे; त्याच्या काठी त्यांची ॲलिस मॅक्डोनल्ड यांच्याशी ओळख झाली. १८६५ च्या मार्च महिन्यात त्यांचा विवाह झाला आणि लगोलग हे जोडपे मुंबईस निघाले, कारण लॉकवुड यांना सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिल्प शिकवण्याची जागा मिळाली होती. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुलगा झाला. ज्या तळ्याकाठी आईवडिलांची भेट झाली त्याचेच नाव मुलाला मिळाले.

मुंबईकर वाचकांना हा सारा परिसर पाठ असेल. कलाशाळेच्या आवारात आज जो डीनचा बंगला आहे तो नंतर बांधलेला. किपलिंग यांच्या जन्माची पाटी मात्र तेथेच पाहावयास मिळते. समोर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारावर शेतकऱ्यांची जी कोरीव शिल्पे आहेत ती लॉकवुड यांच्या हातची. भाजी घेण्याच्या गडबडीत मान वर करून ती पाहणारे थोडेच!

या घरात लहानग्या रुड्यार्डला सांभाळणारी माणसे दोन होती. एक रोमन कॅथलिक आया, आणि दुसरा मीता नावाचा हिंदू नोकर. आया त्याला सकाळी फळबाजारात नेई, वाटेतल्या क्रुसापुढे हात जोडी. मीता त्याला देवळात घेऊन जाई. दुपारी निजवताना दोघेही गोष्टी सांगत, गाणी म्हणत. संध्याकाळी मुलाला न्हाऊमाखू घालून दिवाणखान्यात पाठवताना आता आईबाबांशी इंग्रजीत बोलायचे, अशी ताकीद द्यावी लागे. कारण मुलगा विचार करी तो देशी भाषेत, आणि स्वप्ने पाही तीही त्याच भाषेत. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात किपलिंग यांनी हे सारे मोठ्या मायेने नोंदवून ठेवले आहे. परदेशात मुले वाढवणाऱ्या आमच्या वाचकांना यात आपलीच घरे उलट्या बाजूने दिसतील.

साउथसीचे ते घर

त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या कुटुंबांची एक रीत होती. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याला विलायतेस धाडायचे. एक तर हवेची आणि रोगराईची धास्ती; शिवाय मुलाची बोली आणि वळण नेटिवांसारखे होईल ही भीती. त्या रीतीप्रमाणे १८७१ साली किपलिंग दांपत्य मुलांना घेऊन इंग्लंडला आले. रुड्यार्डला सहावे वर्ष पुरे व्हायचे होते आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स अवघी तीन वर्षांची होती. पोर्ट्‌स्मथजवळच्या साउथसी येथे होलोवे नावाच्या कुटुंबात पैसे भरून मुले ठेवण्याची व्यवस्था झाली. ना नाते, ना ओळख. आणि आईबाप मुलांना काही न सांगताच मुंबईस परत गेले.

त्या घरात रुड्यार्डने साडेपाच वर्षे काढली. घरधनी कॅप्टन होलोवे त्यातल्या त्यात बरा होता, पण तो लवकर वारला. त्याची बायको धर्माच्या नावाखाली मुलाला मारी, नरकाची भीती घाली, आणि त्याने काही सांगितले की खोटारडा ठरवी. एकदा तर खोटारडा अशी पाटी पाठीवर अडकवून त्याला शाळेत पाठवण्यात आले. वाचून वाचून डोळे अधू झाले. ते कोणाच्या लक्षातही आले नाही. वर्षातून एक महिना नाताळात सुटका होई. लंडनमधील फुलम येथे मावशी जॉर्जियाना आणि तिचे यजमान, प्रसिद्ध चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, यांच्याकडे तो जाई. त्या घराच्या दारावरची घंटा ओढली की सुखाचे दिवस सुरू होत. पुढे ते घर मोडले तेव्हा किपलिंग यांनी ती घंटेची ओढणी मागून घेतली आणि स्वतःच्या घराच्या दाराला लावली.

१८७७ साली आई परत आली आणि मुलांना तेथून बाहेर काढले. पण घर म्हणजे काय आणि ते हातचे गेले तर लहान जिवाचे काय होते, हे त्या मुलाला कायमचे कळून चुकले होते. या देशात नव्याने आलेल्या आपल्या लोकांपैकी काहींनीही बस्तान बसेपर्यंत मुले गावी आजी-आजोबांपाशी ठेवली होती. तेथे निदान माया होती. रुड्यार्डच्या वाट्याला तीही आली नाही. मुंगसाची गोष्ट समजून घ्यायची तर साउथसीचे हे घर ध्यानात ठेवले पाहिजे.

लाहोर आणि अलाहाबाद

डेव्हनमधील ‘वेस्टवर्ड हो’ येथील शाळेत चार वर्षे शिक्षण झाले. पुढे विद्यापीठात घालण्याची वडिलांची ऐपत नव्हती. लॉकवुड तोवर लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख आणि तेथील संग्रहालयाचे व्यवस्थापक झाले होते. त्यांनी मुलाला ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ या लाहोरच्या वृत्तपत्रात उपसंपादकाची नोकरी पाहून दिली. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, रुड्यार्ड मुंबई बंदरात उतरला. अकरा वर्षांनी ते वास आणि ती दृश्ये समोर येताच त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्याला स्वतःलाच लागेना!

पुढची सात वर्षे त्याने वृत्तपत्राच्या चाकोरीत घालवली. उन्हाळ्यात तापाने फणफणत अंक काढायचा, रात्री झोप येईना म्हणून शहराच्या गल्ल्यांतून भटकायचे, शिपाई, फकीर, घोड्यांचे व्यापारी यांच्या गप्पा ऐकायच्या. १८८७ अखेर अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये बदली झाली. १८८८ साली ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ हा कथासंग्रह निघाला आणि नाव होऊ लागले. अलाहाबादेत त्यांचा मुक्काम म्यूर कॉलेजातील प्राध्यापक हिल आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी यांच्या ‘बेल्व्हेडेअर’ नावाच्या बंगल्यात असे. मोठी बाग, सभोवार व्हरांडा, न्हाणीघरे. रिक्कीच्या गोष्टीतला बंगला लिहिताना किपलिंग यांच्या डोळ्यांपुढे हेच घर असावे, असे अनेकांचे मत आहे.

१८८९ च्या मार्चमध्ये ते हिंदुस्थान सोडून निघाले. लंडनला पोहोचले आणि वर्षभरातच तेथील साहित्यविश्वात त्यांचा बोलबाला झाला. १८९१ च्या डिसेंबरात आईवडिलांना भेटायला एकदा लाहोरास धावती भेट दिली. त्यानंतर हिंदुस्थान त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

बर्फात लिहिलेली बागेची गोष्ट

१८९२ च्या जानेवारीत कॅरोलाइन बालेस्टिअर या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि ती दोघे अमेरिकेत व्हरमाँट राज्यात, ब्रॅटलबरोजवळ राहू लागली. पुढे तेथे त्यांनी घर बांधले, त्याचे नाव ‘नौलखा’. वर्षाअखेर पहिली मुलगी जोसेफिन जन्मली. बाहेर हातभर बर्फ, आत पाळणा, आणि टेबलाशी बसलेले किपलिंग हिंदुस्थानातल्या जंगलाच्या गोष्टी लिहीत आहेत, असा तो काळ होता. ‘रिक्की-टिक्की-टाव्ही’ ही कथा १८९३ च्या नोव्हेंबरात ‘सेंट निकोलस’ या अमेरिकन बालमासिकात आणि इंग्लंडात ‘पॉल मॉल मॅगझिन’मध्ये आली. १८९४ साली ‘जंगल बुक’ पुस्तकरूपाने निघाले. त्यातल्या काही चित्रांवर लॉकवुड यांची सही आहे. त्यांनी स्वतः १८९१ साली हिंदुस्थानातील पशुपक्षी आणि माणसे यांच्या सहवासावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. मुलाला बापाच्या या ज्ञानाचा भरपूर उपयोग झाला. ‘जंगल बुक’ची एक प्रत किपलिंग यांनी चिमुकल्या जोसेफिनला नाव घालून दिली होती. ती केंब्रिजशरमधील विंपोल हॉल या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहात २०१० साली सापडली.

गोष्ट थोडक्यात अशी. सुगौली छावणीतल्या एका बंगल्यापाशी पुराच्या पाण्याने बिळातून वाहत आलेले मुंगसाचे पिलू पडलेले असते. टेडी नावाचा इंग्रज मुलगा आणि त्याचे आईबाप त्याला ऊब देऊन जगवतात. बागेत नाग आणि नागीण यांचे राज्य असते. बंगला रिकामा झाला की आपल्या पिलांना बाग मोकळी मिळेल, म्हणून ती दोघे घरातल्या माणसांना मारण्याचा बेत करतात. रात्री नाग न्हाणीघराच्या मोरीवाटे आत शिरतो आणि पाण्याच्या रांजणाभोवती वेटोळे घालून बसतो. रिक्की त्याच्या फणीवर झेप घालतो आणि आपटून आपटून जीव नकोसा झाला तरी दातांची पकड सोडत नाही. तेवढ्यात टेडीचा बाप बंदूक चालवतो. दुसऱ्या दिवशी नागीण व्हरांड्यात टेडीच्या खुर्चीपाशी येऊन ठाकते. इकडे रिक्कीने खरबुजाच्या वाफ्यातली तिची पंचवीस अंडी शोधून एकच शिल्लक ठेवलेले असते. त्या एका अंड्यासाठी नागीण वळते, रिक्की तिच्या मागोमाग बिळात शिरतो आणि काम तडीस नेऊनच बाहेर येतो.

गोष्टीतली नावे पाहा. शिंप्याचा धंदा करणारा पक्षी म्हणून दर्जी, भिंतीच्या कडेकडेने पळणारी भित्री ती चुचुंद्रा, म्हणजे आमची चिचुंद्री, आणि धुळीच्या रंगाचा इवलासा विषारी साप तो करैत, म्हणजे मण्यार. झाडावर बसून बागेची बातमी देणारा तांबट पक्षीही आहे. मुंबई, लाहोर आणि अलाहाबाद येथे कानांवर पडलेले शब्द व्हरमाँटच्या थंडीत असे उपयोगी पडले. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंगूस साप चावल्यावर मुंगूसवेलीचे मूळ खाते आणि वाचते, असा आपल्याकडे समज आहे. किपलिंग यांनी तो गोष्टीतच खोडून काढला आणि जय होतो तो डोळ्याच्या व पायाच्या चपळाईने, असे दाखवले. अलीकडच्या शास्त्रज्ञांनी त्यात भर घातली आहे. मुंगसाच्या स्नायूंत ज्या जागी नागाचे विष चिकटायचे त्या जागेची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे हे विष त्याला इतर प्राण्यांइतके बाधत नाही. तरीही पुरता दंश झाला तर मुंगूसही दगावू शकते.

ब्राह्मणाची बायको आणि शेतकऱ्याची लेक

घरातल्या मुलाला सापापासून वाचवणारे मुंगूस हे मात्र किपलिंग यांच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात वावरत आले आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली कथा कोणाला ठाऊक नाही? ब्राह्मणाच्या घरचे मुंगूस पाळण्यातल्या बाळाला वाचवण्यासाठी साप मारते आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने कौतुकाने आईला सामोरे जाते. आईला वाटते, याने बाळच खाल्ले. ती डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकते आणि मग आयुष्यभर हळहळते.

ही कथा पहलवी भाषेत गेली, तेथून आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आली, आणि पुढे हिब्रू, लॅटिन असा प्रवास करीत युरोपभर पसरली. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. उत्तर वेल्समधील स्नोडोनियाच्या डोंगरात बेद्गेलर्ट नावाचे गाव आहे. तेथे राजपुत्र लेवेलिन याच्या इमानी कुत्र्याची समाधी दाखवतात. कुत्र्याने लांडगा मारून पाळण्यातले मूल वाचवले, आणि राजपुत्राने रक्त पाहून कुत्र्यालाच मारले, अशी ती दंतकथा. समाधीचा दगड अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक वाढवण्यासाठी उभा केला, असे मानतात. सुटीत तिकडे जाणाऱ्या आमच्या मंडळींनी त्या दगडापाशी मुलांना ब्राह्मणाच्या बायकोची गोष्ट अवश्य सांगावी.

किपलिंग यांच्या गोष्टीत ही चूक होत नाही. तेथे आईबाप मुंगसाला ओळखतात, त्याचे उपकार मानतात, त्याला मुलाच्या उशाशी निजू देतात. लहान जिवाचे खरे बोलणे ज्या घरात खोटे ठरले अशा घरात वाढलेल्या माणसाने ही गोष्ट लिहिली आहे. टेडीला जो राखणदार मिळाला तो साउथसीला रुड्यार्डला मिळाला नव्हता.

परंतु आमच्याकडे आणखी एक कथा आहे आणि ती श्रावणात घरोघर सांगतात. नागपंचमीच्या त्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातली नागिणीची पिले मरतात. नागीण चवताळून शेतकऱ्याच्या सगळ्या कुटुंबाला डसते, आणि त्याच्या सासरी असलेल्या लेकीला डसायला जाते. तेथे पाहते तो काय, लेकीने पाटावर नाग काढून त्यांची मनोभावे पूजा मांडलेली! नागिणीचा राग निवतो आणि ती माहेरच्या माणसांना जिवंत करायला अमृत देते. ही कहाणी ऐकलेल्या मुलाला किपलिंग यांच्या गोष्टीत खरबुजाच्या वाफ्याशी आल्यावर थोडे अडखळायला होईल. ती अंडी कोणाची? साहेबाचा बंगला उभा राहण्यापूर्वी ती बाग कोणाची होती? गोष्टीतल्या नागिणीला हा प्रश्न विचारण्याची सवड लेखकाने दिलेली नाही. ती मेली आणि बागेत आनंदीआनंद झाला.

दोन मुले

ज्यांनी दुसऱ्याच्या पिलांचा असा झटपट निकाल लावला, त्यांच्या स्वतःच्या घरावर पुढे काय ओढवले ते ऐका. १८९६ साली मेव्हण्याशी भांडण होऊन किपलिंग कुटुंब अमेरिका सोडून इंग्लंडला आले. तोवर दुसरी मुलगी एल्सी झाली होती. १८९७ साली मुलगा जॉन झाला. १८९९ च्या हिवाळ्यात सारे जण न्यूयॉर्कला गेले असता किपलिंग आणि जोसेफिन दोघांनाही न्यूमोनिया झाला. किपलिंग मरणाच्या दारातून परत आले. जोसेफिन ६ मार्च रोजी गेली; तिला सातवे वर्ष चालू होते. बाप इतका आजारी होता की ही बातमी काही काळ त्याच्यापासून लपवून ठेवावी लागली. तिला सांगितलेल्या गोष्टींतून ‘जस्ट सो स्टोरीज’ हे पुस्तक १९०२ मध्ये निघाले, तेव्हा ऐकणारी राहिली नव्हती.

त्याच वर्षी ससेक्समधील बर्वॉश गावाजवळ ‘बेटमन्स’ नावाचे १६३४ सालचे दगडी घर त्यांनी घेतले. शेवटपर्यंत ते तेथेच राहिले. मावशीच्या दारावरची ती ओढणी याच घराला लावलेली आहे. १९०७ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तेव्हा ते अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. साहित्याच्या नोबेलला इतक्या लहान वयाचा मानकरी अद्याप दुसरा झालेला नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. किपलिंग यांनी लेखणी आणि वाणी युद्धाच्या प्रचाराला वाहिली. जॉनचे डोळे बापासारखेच अधू. सैन्याने त्याला नाकारले होते. तेव्हा किपलिंग यांनी आपले जुने स्नेही लॉर्ड रॉबर्ट्स यांना शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्‌समध्ये अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. १९१५ च्या २७ सप्टेंबरला फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत जॉन नाहीसा झाला. अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. आईबापांनी इस्पितळे पालथी घातली, त्याच्या पलटणीतल्या जखमी शिपायांना गाठून विचारपूस केली. हाती काही आले नाही. किपलिंग यांच्या हयातीत मुलाचे प्रेत सापडले नाही. १९९२ साली युद्धसमाधी आयोगाने लूसजवळच्या एका अनामिक थडग्यावर त्याचे नाव घातले. त्यावर अभ्यासकांत बराच वाद झाला, आणि आयोगाने आपला निर्णय कायम ठेवला.

मुलाला आपणच पाठवले, ही सल त्यांना जन्मभर राहिली. १९१७ पासून ते युद्धसमाधी आयोगाचे सभासद झाले. अधिकारी असो की शिपाई, दगड सर्वांचा सारखाच असावा, या आयोगाच्या धोरणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. ज्यांची ओळख पटली नाही अशांच्या दगडांवर काय लिहावे तेही त्यांनीच ठरवून दिले. फ्रान्समध्ये न्यव शापेल येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. चार हजार सातशेहून अधिक नावे त्यावर कोरलेली आहेत, आणि त्यांत मराठी नावेही आढळतात. १९२७ साली त्याच्या उद्घाटनाला किपलिंग हजर होते.

साहेबाची बाजू

म्हणून काय त्यांचे विचार पालटले? मुळीच नाही. १९२० साली जालियनवाला बागेतल्या गोळीबाराबद्दल जनरल डायरला सैन्यातून निघावे लागले, तेव्हा लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी निधी उभारला. त्यात किपलिंग यांनी दहा पौंड घातले. शिकलेल्या हिंदी माणसाची त्यांनी आपल्या लेखनात नेहमी टिंगल केली. खेड्यातला शेतकरी, पलटणीतला शिपाई, घरातला नोकर त्यांना जवळचा वाटे. तोच उद्या वकील होऊन हक्क मागू लागला की तो त्यांना सोसत नसे. मीताच्या बोटाला धरून देवळात जाणारा मुलगा मोठेपणी असा झाला, याचे वाईट वाटते. पण ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या पुस्तकांवर बरीच वर्षे गणपतीसारखा सोंडेत कमळ धरलेला हत्ती आणि स्वस्तिक अशी मुद्रा असे. लॉकवुड यांच्याकडून आलेला हा वारसा. जर्मनीत हिटलरने स्वस्तिक उचलले तेव्हा किपलिंग यांनी ते आपल्या पुस्तकांवरून काढून टाकायला लावले. नाझी संकटाची जाण त्यांना पुष्कळांच्या आधी आली होती. १८ जानेवारी १९३६ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, लंडनच्या इस्पितळात आतड्यातले व्रण फुटून वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबेतील कवींच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत. ‘बेटमन्स’ आज नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि पाहावयास खुले असते. एल्सीला मूल नव्हते. १९७६ साली ती गेली तेव्हा किपलिंग यांचा वंश संपला. जोसेफिनचे पुस्तक जेथे सापडले तो विंपोल हॉल एल्सीचाच वाडा, तोही ट्रस्टला मिळाला.

पडद्यावरचा रिक्की

लेखक गेला, मुंगूस मात्र धावतेच आहे. १९६५ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या संस्थेने रिक्कीवर बोलके व्यंगचित्र काढले. दिग्दर्शिका अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया यांनी त्यात मोठा बदल केला. बंगल्यातले इंग्रज कुटुंब काढून टाकून तेथे हिंदी कुटुंब आणले. एवढ्या एका फेरफाराने गोष्टीचा रंग पालटला, आणि मुंगूस जणू पंचतंत्रातल्या आपल्या घरी परत आले! १९७० नंतरच्या दशकात झ्गुरिदी यांनी रशिया आणि भारत यांच्या सहकार्याने याच कथेवर खऱ्या प्राण्यांचा चित्रपट केला.

अमेरिकेत चक जोन्स यांनी केलेले अर्ध्या तासाचे व्यंगचित्र १९७५ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर आले. निवेदन ऑर्सन वेल्स यांचे होते आणि नागाचा आवाजही त्यांचाच. जून फोरे यांनी दिलेला नागिणीचा आवाज ऐकून त्या पिढीतली किती मुले दिवा लावून झोपली असतील! १९९७ साली जेरी पिंकनी या चित्रकाराने गोष्टीचे सुंदर चित्रमय पुस्तक केले. डिस्नेच्या १९६७ सालच्या गाजलेल्या ‘जंगल बुक’मध्ये मात्र रिक्की शोधू नये. तो चित्रपट मोगलीपुरताच आहे.

मग ही गोष्ट मुलांना द्यावी की देऊ नये? द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हातभर लांबीचा जीव भीती वाटत असताना पाय रोवून उभा राहतो, हे मुलांनी वाचण्यासारखेच आहे. परक्या शाळेत एकट्याने मधल्या सुटीला तोंड देणाऱ्या मुलाला तर विशेष. फक्त ती एकटी देऊ नये. तिच्याआधी पंचतंत्रातले मुंगूस सांगावे, म्हणजे या गोष्टीचे माहेर कुठले ते मुलांना कळेल. आणि श्रावण शुद्ध पंचमीला, शाळा कामे आटोपून संध्याकाळी का होईना, पाटावर नाग काढून शेतकऱ्याच्या लेकीची कहाणी सांगावी. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारील की रिक्कीच्या गोष्टीतल्या नागिणीला कोणी अमृत का मागितले नाही. तिला खुशाल विचारू द्यावे, आणि घाईघाईने उत्तर देऊ नये.